एका मशीनवर किती बॉक्स? स्पीकर जोडताना या चुका टाळा

पोळा जवळ आला की जळालेले ॲम्प्लीफायर, म्हणजे आपल्याकडची 'मशीन', माझ्या दुरुस्तीच्या दुकानात यायला लागतात आणि दुर्गा विसर्जनापर्यंत ती रांग काही हटत नाही. भागवत सप्ताहाच्या दिवसांत पुन्हा तेच. मशीन टेबलावर ठेवणारा प्रत्येक जण एकच सांगतो, "भाऊ, मशीनच बोगस निंगाली." झाकण उघडलं की आउटपुटच्या ५२००-१९४३ ट्रान्झिस्टरच्या जोड्या शॉर्ट, बाजूचे रेझिस्टन्स काळे. मागं काय जोडलं होतं असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, "काही नाई, दोन बॉक्स वाढवले फक्त."

त्या 'फक्त'पायीच मशीन जाते. नवीन पोरांना वाजवायची घाई असते, मोजायचा कंटाळा असतो. ओहम आणि व्होल्ट मोजणारा साधा मल्टिमीटर मोबाइलच्या चांगल्या कव्हरइतक्या पैशात मिळतो, पण तो विकत घ्यायचं कोणाच्या मनात येत नाही. म्हणून नेहमी दिसणाऱ्या चुका इथं लिहून ठेवतोय.

एकामागे एक जोडले म्हणजे सिरीज होत नाही

सगळ्यात जास्त मशीनं या एका गैरसमजानं जातात. बॉक्सच्या मागं दोन जॅक असतात. मशीनची वायर एकात लावली, दुसऱ्या जॅकमधून वायर पुढच्या बॉक्सला, तिथून आणखी पुढं. रांगेत जोडलेलं दिसतं म्हणून पोट्ट्यांना वाटतं, ही सिरीज, म्हणजे करंट एका बॉक्समधून निघून मगच दुसऱ्यात जातो. पण ते दोन्ही जॅक आतून एकमेकांना जोडलेले असतात, प्लसला प्लस आणि मायनसला मायनस. म्हणजे रांग कितीही लांब असो, सगळे बॉक्स पॅरललमध्येच आहेत, प्रत्येक जण थेट मशीनला जोडलेला.

पॅरललमध्ये ओहम, म्हणजे करंटला होणारा अडथळा, कमी होतात. पाटाला एकाऐवजी चार दारं उघडली की पाणी जास्त निघतं, तसा मशीनमधून करंट जास्त निघतो. ८ ओहमचा एक बॉक्स असेल तर ८. दोन लावले की ४. चार लावले की २. मशीनच्या मागं, टर्मिनलजवळ, बारीक अक्षरात कमीत कमी ४ ओहम असं लिहिलेलं असतं. ते वाचायला टॉर्च लागतो आणि कोणी टॉर्च लावत नाही.

दारव्हा-दिग्रस रस्त्यावरच्या एका गावात सप्ताह होता. काल्याचं कीर्तन, म्हणजे आजूबाजूची चार गावं जेवायला आलेली. मंडपवाल्याचा पोट्टा मेहनती, पहाटेपासून राबत होता. एका चॅनेलवर, म्हणजे मशीनच्या एका आउटपुटवर, ८ ओहमचे दोन बॉक्स लावले होते, ४ ओहम झाले, सगळं बरोबर. मग मागच्या बाया म्हणाल्या, आयकू येत नाई. त्यानं आणखी दोन बॉक्स त्याच रांगेत वाढवले. मग कोणीतरी म्हणालं, शाळेकडं भोंगे पायजेत. १६ ओहमचे दोन भोंगे तिथूनच पुढं नेले. वाजलं की सगळं! तासभर छान वाजलं आणि इथंच माणूस फसतो. चुकीची जोडणी लगेच जळत नाही. सकाळच्या गारव्यात, कमी आवाजात ती चालून जाते.

दुपारी टिनाच्या शेडमध्ये मशीन तापली. आवाज जायचा, आत रिले (स्पीकर तोडणारा आपोआप स्विच) टक् वाजायचा, पाच-सात सेकंदांनी आवाज परत यायचा. मशीन स्वतःला वाचवत होती. पोरानं काय करावं? फ्यूज दोनदा उडाला तेव्हा तिसऱ्यांदा वायरचे तंतू पिळून फ्यूजच्या जागी बसवले. महाराज गवळणीवर आले आणि दोन बॉक्समधून मोठ्ठा घुंऽऽ असा आवाज निघाला, मागून व्हार्निश जळाल्याचा वास. पुढचं कीर्तन बिनमाइकचं झालं. गाव शांत बसून ऐकत होतं हा गावाचा मोठेपणा, पण मागच्यांना शब्दही कळला नसेल.

मला बोलावलं तेव्हा मी मशीनकडच्या टोकाला मीटर लावला. दीडच्या आत रीडिंग. मीटर थोडं कमीच दाखवतो, ते पुढं सांगतो, पण हिशेबही जवळपास तेच सांगतो: ८ चे चार बॉक्स मिळून २ ओहम, १६ चे दोन भोंगे मिळून ८, दोन्ही एकत्र केले की १.६. कमीत कमी ४ मागणाऱ्या चॅनेलवर १.६! आउटपुट शॉर्ट झाले, आतला डीसी, म्हणजे बॅटरीसारखा एकाच दिशेचा करंट, सरळ स्पीकरवर गेला आणि स्पीकरच्या आतल्या दोन कॉइली जळाल्या. खरा फ्यूज जागेवर असता तर तो उडाला असता आणि निदान कॉइली वाचल्या असत्या. पोरगा रडकुंडीला आला होता. म्हणाला, "भाऊ, मी तं सिरीजमध्येच जोडले होते." त्याला कोणी नीट सांगितलंच नव्हतं. कामाला लावणाऱ्या मालकानं पहिल्या दिवशी हे शिकवायला पाहिजे, मला त्याचाच राग येतो.

माझी सवय सांगतो. सगळी जोडणी झाली की शेवटची वायर मशीनला लावायच्या आधी तिच्या दोन टोकांना मीटर लावतो, २०० ओहमच्या रेंजवर. आधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून बघायचं. अर्धा ओहम दाखवला तर तेवढा नंतर वजा करायचा. मीटरवर ८ चा स्पीकर साधारण ६ ते ७ दाखवतो, ४ चा ३ ते ३.८, १६ चं युनिट ११ ते १३. कमी दिसतं म्हणून घाबरू नका, मीटर डीसीवर मोजतो. पण ४ ओहमच्या मशीनवर ३ च्या खाली रीडिंग आलं, तर मी वायर लावत नाही. मग आयोजक कितीही ओरडोत.

चार बॉक्स लावायचेच असतील आणि चारही सारखे असतील, तर दोन-दोनची सिरीज करा, म्हणजे १६-१६ होतात, आणि त्या दोन जोड्या पॅरलल करा. पुन्हा ८ ओहम. त्यासाठी वेगळी वायर बनवावी लागते, पहिल्याचा मायनस दुसऱ्याच्या प्लसला. ती एकदाच नीट डाग देऊन बनवा, टेप लावा, चिठ्ठी चिकटवा. वेगवेगळ्या ओहमचे स्पीकर सिरीजमध्ये घालू नका, एकावर जास्त भार येतो, दुसरा नुसता कुजबुजतो.

आणि हे सगळं कशासाठी? मशीनची ताकद दुप्पट झाली तरी आवाज ३ डेसिबलच वाढतो. कानाला तो थोडासाच जास्त वाटतो. त्यापेक्षा भोंगा बांबूवर चढवून लोकांच्या दिशेनं फिरवला तर फरक जास्त पडतो, आणि फुकट पडतो.

ट्रॅक्टरच्या बॉडीला स्पीकरचा मायनस

हा दुसरा रोग. जुन्या काळच्या टेपमध्ये स्पीकरचा मायनस बॉडीला चालायचा. म्हणून ट्रॅक्टरला, ऑटोला एकच वायर ओढायची आणि दुसरं टोक मडगार्डच्या नटाखाली दाबायचं, अशी रीत पडली. आजचे बहुतेक स्टिरिओ तसे नाहीत. त्यांच्या आत आवाज वाढवणारी टीडीए ७३८८ सारखी आयसी (चिप) असते. तिच्या चारही चॅनेलना दोन-दोन जिवंत टोकं असतात. गाणं वाजत नसतानाही प्लस आणि मायनस दोन्हीवर बॅटरीच्या निम्मे, म्हणजे ६ व्होल्टच्या आसपास असतात. त्यातलं एक बॉडीला टेकवणं म्हणजे आउटपुट शॉर्ट करणं. काही आयसी स्वतःला बंद करून वाचतात, काही वाचत नाहीत.

पोळ्याच्या आधी एक शेतकरी नवीन ब्लूटूथवाला स्टिरिओ घेऊन आला. लावल्याबरोबर बंद. दुकानदारानं बदलून दिला, तोही बंद. त्याचा ठाम विश्वास की वायरिंगमध्ये दोष नाही, कारण जुना टेप त्याच वायरिंगवर वर्षानुवर्षं वाजला. मी सीट उचलली तर मागच्या दोन्ही स्पीकरचे मायनस एकाच गंजलेल्या बोल्टला. म्हटलं, "काका, वायरिंग जुन्या टेपसाठी बरोबर होती, याच्यासाठी नाही." बाजारातून दोन रंगांची वायर आणली, प्रत्येक स्पीकरला स्वतंत्र दोन तारा ओढल्या. तिसरा स्टिरिओ त्यानं घेतला तो आजही वाजतो आहे.

तुमच्या स्टिरिओचं कळत नसेल तर तो चालू करून, स्पीकर न लावता, मीटरची काळी पिन बॉडीला आणि लाल पिन एकेका स्पीकर वायरला लावा, डीसी व्होल्टवर. सगळ्यांवर ५-६ व्होल्ट दिसले की समजा, बॉडीपासून आणि एकमेकींपासूनही या तारा दूर ठेवायच्या. चार स्पीकरचे मायनस एकत्र बांधणं हीसुद्धा तीच चूक आहे. बाजारातल्या स्टिरिओच्या गुच्छात बहुधा पांढरी आणि राखाडी पुढच्या स्पीकरची, हिरवी आणि जांभळी मागच्याची, आणि काळी रेघ असलेली ती मायनस.

ट्रॅक्टरचं बोलतोच आहे तर फ्यूजचंही सांगतो. बॅटरीपासून निघणाऱ्या वायरवर फ्यूज बॅटरीजवळच हवा, वीतभर अंतरावर. मशीनजवळ लावलेला फ्यूज मशीनला वाचवतो, मधली वायर घासून बॉडीला लागली तर काहीच वाचवत नाही. ट्रॉलीत कापूस भरलेला असतो, हे विसरू नका. फ्यूजच्या जागी तार घालणाऱ्याचं काम मी हातात घेत नाही.

लांबचे भोंगे आणि बारीक वायर

गावाच्या दुसऱ्या टोकाला भोंगा न्यायचा आणि घरातली दिव्याची वायर वापरायची. १ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर १०० मीटर नेली, तर जाऊन-येऊन साडेतीन ओहम वायरचेच होतात. पलीकडं ४ ओहमचा भार असेल तर जवळपास निम्मी ताकद वायर गरम करण्यात जाते. मग "आवाज पोचत नाई" म्हणून व्हॉल्यूम शेवटाला.

लांबच्या कामासाठी १०० व्होल्ट लाइन असते, म्हणजे व्होल्ट वाढवून कमी करंटमध्ये ताकद पाठवायची सोय, तिचाच वापर करा. पीए मशीनच्या मागं कॉमन, ४, ८, १६ आणि १०० व्होल्ट अशी टर्मिनलं असतात. लाइन ट्रान्सफॉर्मर असलेलेच भोंगे १०० व्होल्टवर, आणि त्यांच्या वॅटची बेरीज मशीनच्या वॅटपेक्षा कमी. ट्रान्सफॉर्मर नसलेलं युनिट १०० व्होल्टवर लावलं की क्षणात जातं. ८ वर एक आणि १६ वर दुसरं असं एकाच वेळी लावणंही बंद करा; सगळ्या भोंग्यांचे ओहम काढा आणि एकच टर्मिनल वापरा. एक लक्षात ठेवा, ट्रान्सफॉर्मरवाल्या भोंग्यावर मीटरचं रीडिंग कामाचं नाही, तिथं वॅटच मोजायचे.

बाकीच्या, पटकन सांगण्यासारख्या

ब्रिज मोडवर, म्हणजे दोन चॅनेल मिळून एकच स्पीकर चालवतात तेव्हा, ४ ओहमचा स्पीकर लावला की आतल्या प्रत्येक चॅनेलला तो २ चा दिसतो. पुस्तिकेत ब्रिजसाठी वेगळा आकडा असतो, तो बघा.

मशीनच्या ब्रिज मोडशिवाय, दोन मशीनचे किंवा दोन चॅनेलचे आउटपुट हातानं एकत्र बांधून ताकद वाढत नाही, दोन्ही जळतात.

प्लस-मायनस उलटे झाले तर काही जळत नाही, पण दोन बॉक्सच्या मधोमध उभं राहिलं की बेस गायब. दीड व्होल्टचा पेन्सिल सेल स्पीकरला क्षणभर टेकवा. कोन बाहेर आला तर सेलच्या प्लसकडचं टोक प्लस. ट्विटरवर (बारीक, चिरका आवाज काढणारा छोटा स्पीकर) आणि भोंग्याच्या युनिटवर हा प्रयोग करू नका.

वायर सोलली की तंतू घट्ट पिळा, जमलं तर टोकाला डाग द्या. दाबाच्या टर्मिनलमधून बाहेर राहिलेला एक केसासारखा तंतू शेजारच्याला लागला की खेळ संपला.

ट्विटरमागं कपॅसिटर (डीसी अडवणारा छोटा भाग) असेल तर मीटर काहीच दाखवणार नाही. ट्विटर मेला असं समजून फेकू नका.

जयंतीच्या मिरवणुकीत, १४ एप्रिलच्या उन्हात, बोलेरोच्या बंद केबिनमध्ये एकावर एक मशीनं रचू नका. आपल्याकडं पारा तेव्हाच चाळिशी ओलांडतो. मशीनच्या मागं-पुढं हातभर जागा सोडा, पंख्याची जाळी दर कार्यक्रमाआधी ब्रशनं झाडा.

चालू मशीनवर स्पीकरची वायर काढणं-लावणं करू नका.

आणि मशीन दुरुस्तीला आणताना एकटी आणू नका. त्या दिवशी जोडलेले सगळे बॉक्स, भोंगे आणि वायरीसुद्धा गाडीत टाका. अर्धवट जळालेली कॉइल बाहेरून चांगली दिसते, थोडीफार वाजतेही, पण मीटरवर ८ च्या जागी २ दाखवते. दुरुस्त मशीन तिलाच पुन्हा जोडली की नवीन आउटपुट त्याच संध्याकाळी जातात, आणि माणूस दुसऱ्या दिवशी माझ्याशी भांडायला येतो.