गोळी सुरू झाली, पण मन अजून तळाशीच? वाट बघण्याच्या काळात या चुका टाळा

आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजच्या बाजूला कॅलेंडर टांगलेलं असतं. त्यावर दुधाचा हिशोब: एक, दीड, खाडा. तीन वर्षांपूर्वीचं एक कॅलेंडर मी रद्दीत जाऊ दिलं नाही. त्याच्या मार्चच्या पानावर दुधाच्या आकड्यांखाली बारीक अक्षरात २५, २५, २५ असं चौदा चौकोन आहे, मग चौदा चौकोन ५०. हे लॅमोट्रिजीन या माझ्या गोळीचे मिलिग्रॅम. विसाव्या चौकोनात मी लिहून ठेवलंय, "काही उपयोग नाही."

मला बायपोलर, म्हणजे मनाच्या टोकाच्या चढउतारांचा आजार आहे, टाइप टू. म्हणजे चढ फार उंच नसतात, पण उतार खोल आणि लांब. मूड स्टॅबिलायझर, म्हणजे हे चढउतार आवरणारी गोळी, सुरू केल्यावर मन वर यायची वाट बघणं किती जड जातं ते मला माहीत आहे. आणि त्या काळात माणूस किती गोंधळ घालतो, तेही. मी घातलेत. माझ्या मामांनी घातलेत, ते वीसेक वर्षं लिथियम या दुसऱ्या मूड स्टॅबिलायझरवर आहेत. इथे आमच्या दोघांच्या चुका आहेत. तुमचा डोस मात्र तुमचे डॉक्टरच सांगणार.

पहिल्या गोळीपासून दिवस मोजणे

सगळ्यात मोठी चूक हीच. विसाव्या दिवशी मी ५० मिलिग्रॅमवर होते आणि माझं लक्ष्य होतं २००. म्हणजे पाव औषधावर मी पूर्ण औषधाचा निकाल लावून मोकळी झाले होते.

लॅमोट्रिजीन एकट्याने चालू असेल तर साधारण असं चढवतात: दोन आठवडे २५, दोन आठवडे ५०, एक आठवडा १००, आणि सहाव्या आठवड्यापासून २००. सोबत व्हॅल्प्रोएट (हाही मूड स्टॅबिलायझरच) असेल तर ते लॅमोट्रिजीनला शरीरात रेंगाळत ठेवतं, म्हणून डोस जवळजवळ निम्मे आणि सुरुवात एक दिवसाआड. उलट कार्बामाझेपिन (हाही तसाच) चालू असेल तर लॅमोट्रिजीन लवकर निघून जातं, म्हणून डोस जास्त लागतो. पूर्ण डोस गाठल्यावरही मनावर परिणाम दिसायला आणखी काही आठवडे जातात. हे गणित पहिल्या दिवशी कळलं असतं तर विसाव्या चौकोनात मी काहीच लिहिलं नसतं.

लिथियमचं वेगळं. रक्तातलं प्रमाण पाच-सात दिवसांत स्थिर होतं, पण उदासीवर नीट परिणाम दिसायला सहा ते आठ आठवडे धरून चालावं. क्वेटियापिन या आणखी एका गोळीने काहींना पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच थोडा फरक जाणवतो. त्यामुळे शेजारणीच्या भावाला "दहा दिवसांत बरं वाटलं" हे ऐकून स्वतःवर चिडू नका, त्याची गोळीच वेगळी असेल.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न तीनच: माझा पूर्ण डोस किती, तो कधी गाठणार, आणि तिथून किती आठवडे थांबायचं? उत्तर कॅलेंडरवर लिहा. पहिली गोळी घेतल्याच्या तारखेपेक्षा ही तारीख महत्त्वाची.

खाडा पडल्यावर जुन्याच डोसवर उडी मारणे

एप्रिलमध्ये मी २०० ला पोचले आणि लगेच मामेबहिणीचं लग्न आलं. जळगावला गेलो. साड्या, आहेर, मेंदीचे कोन सगळं बरोबर घेतलं. गोळ्यांची डबी नाशिकला ओट्यावर राहिली. "मेडिकलमधून आणू" म्हणत म्हणत हळद गेली, लग्न गेलं, पूजा झाली. सहा दिवस.

परत आल्या आल्या मी डबी उघडली आणि २०० ची गोळी हातावर घेतली. पाण्याचा तांब्या दुसऱ्या हातात. ह्यांनी विचारलं, "सहा दिवसांनी एकदम? डॉक्टर मॅडमना फोन तरी कर." मी वैतागूनच फोन लावला. मॅडम म्हणाल्या, "गोळी खाली ठेवा. परत २५ पासून सुरू करायचं."

महिना सव्वा महिना पाण्यात. त्या दिवशी मी मॅडमवर मनातल्या मनात खूप ओरडले. पण कारण खरं आहे. हे औषध हळू चढवतात ते अंगावर पुरळ येऊ नये म्हणून. बहुतेकांचं पुरळ साधं असतं, पण क्वचित स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम होतो: त्वचा सोलवटते, तोंडात, डोळ्यांत फोड येतात, जिवावर बेततं. डोस झपाट्याने चढवला की हा धोका वाढतो. आणि साधारण पाच दिवसांहून जास्त खंड पडला की औषध शरीरातून जवळपास निघून गेलेलं असतं, म्हणजे शरीराच्या दृष्टीने तुम्ही पुन्हा नवीन. एखादी गोळी चुकली तर गोष्ट निराळी, पण दुसऱ्या दिवशी दोन एकदम घ्यायच्या नाहीत.

मेडिकलमधून आणलेल्या स्ट्रिपवरची पॉवरही दर वेळी वाचा. २५ आणि १०० च्या स्ट्रिपा कधी कधी जुळ्या बहिणींसारख्या दिसतात.

पुरळ आलं की एक तर घाबरून जाणे, नाही तर लपवणे

मे महिन्यात माझ्या मानेवर लाल पुटकुळ्या आल्या. आता घामोळं की गोळी? मी दोन दिवस ओढणी गुंडाळून लपवलं, कारण औषध तिसऱ्यांदा सुरू करायची कल्पनाच सहन होत नव्हती. हा शुद्ध मूर्खपणा होता. फोटो काढून त्याच दिवशी डॉक्टरांना पाठवायचा आणि पुढची गोळी घेण्याआधी विचारायचं. माझं घामोळंच निघालं. सोबत ताप, तोंडात फोड, डोळे लाल, चेहरा किंवा गाठी सुजणं यातलं काही असेल तर फोटो पाठवून वाट बघत बसू नका, सरळ दवाखाना गाठा. पहिले दोन महिने नवा साबण, नवी क्रीम, केसांचा नवा रंग टाळा, म्हणजे संशयितांची यादी तरी छोटी राहते.

लिथियमच्या लेव्हलसाठी चुकीच्या वेळी रक्त देणे

आता मामा. लॅबचा मुलगा सकाळी सात वाजता घरी येणार म्हणून मामा शहाण्यासारखे उपाशी राहिले, आणि गोळी मात्र सहा वाजता घेऊन बसले. लेव्हल, म्हणजे रक्तातलं लिथियमचं प्रमाण, भरमसाट आली. डॉक्टरांनी डोस कमी केला. पुढचे दोन महिने मामांचं मन काही उठेना. मग मामीच एकदा सहज बोलून गेली, "पण ह्यांनी तर गोळी घेऊनच रक्त दिलं होतं."

लेव्हलसाठी उपाशी राहणं महत्त्वाचं नाही, शेवटच्या गोळीपासून १२ तास होणं महत्त्वाचं. रात्री नऊला गोळी घेतली तर सकाळी नऊला रक्त, आणि सकाळची गोळी असेल तर ती रक्त दिल्यावर. डोस बदलल्यावर लगेच दुसऱ्या दिवशी तपासून उपयोग नाही, पाच-सात दिवस जाऊ द्यावे लागतात. आकडा साधारण ०.६ ते १.० च्या दरम्यान हवा असतो, नेमका किती ते डॉक्टर ठरवतात. ०.३ आला तर "मला लिथियम लागू पडत नाही" असा अर्थ काढू नका. ते अजून पुरेसं पोटात गेलेलंच नाही.

मीठ, पाणी, उपवास आणि पाठदुखीची गोळी

लिथियम हे एक क्षार आहे. मूत्रपिंड त्याला सोडियमसारखंच वागवतं. अंगातलं पाणी किंवा मीठ कमी झालं की मूत्रपिंड सोडियम धरून ठेवतं आणि त्याबरोबर लिथियमही, मग लेव्हल चढते. मामा अकोल्याला राहतात. तिथला मे, त्यात निर्जळी एकादशी, त्यात जुलाब. चौथ्या दिवशी हात थरथरायला लागले, बशीत चहा ओतता येईना, जीभ जड झाली आणि चालताना तोल जायला लागला. "ऊन लागलं" म्हणून घरचे कांद्याचा रस चोळत होते! ती लिथियमची विषबाधा होती. ॲडमिट करावं लागलं.

हातांचा बारीकसा कंप लिथियमवर नेहमीच्या डोसलाही असतो. पण ठळक थरथर, उलट्या-जुलाब, बोबडं बोलणं, झोकांड्या, गोंधळलेपण दिसलं तर पुढची गोळी न देता त्याच तासाला हॉस्पिटल. उपवास करायचाच असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, आणि निर्जळी तर नकोच. मामांनी त्यानंतर एकादशी सोडली. पांडुरंगाची काही तक्रार नाही असं ते सांगतात.

साबुदाण्याच्या खिचडीत सैंधव घातल्याने काही बिघडत नाही, त्यातही सोडियमच असतं. बिघडतं ते एकदम मीठ सोडल्याने. बीपी निघालं म्हणून कुणी अळणी जेवायला सांगितलं, तर लिथियम चालू आहे हे त्या डॉक्टरांच्या कानावर घाला. टेल्मिसार्टन, लोसार्टनसारख्या बीपीच्या गोळ्या आणि लघवीवाटे पाणी काढणाऱ्या काही गोळ्याही लेव्हल चढवतात. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या तशाच, आणि या आपण मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय शेंगदाण्यासारख्या आणतो. अंग दुखत असेल तर पॅरासिटामॉल त्या मानाने बरं.

"अहो, ही तर फिटची गोळी!"

लॅमोट्रिजीन आणि व्हॅल्प्रोएट दोन्ही आधी अपस्मारासाठीच आली. त्यामुळे मेडिकलवाला किंवा गूगल तुम्हाला हे सांगणारच. म्हणून डॉक्टरांनी चुकीचं औषध दिलं असं होत नाही. अमेरिकेत लॅमोट्रिजीनला बायपोलरसाठी मान्यता २००३ मध्ये मिळाली. लिथियमचा वापर तर जॉन केड या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने १९४९ मध्येच छापून प्रसिद्ध केला होता. चिठ्ठीवर "एपिलेप्सी"च्या औषधाचं नाव बघून गोळ्या कचऱ्यात टाकणारी माणसं मी पाहिली आहेत.

मध्येच उदासीची दुसरी गोळी घेणे

थांबवत नाही, म्हणून कपाटातली जुनी अँटीडिप्रेसंटची स्ट्रिप काढायची. मोह फार होतो. बायपोलरमध्ये ही गोळी मूड स्टॅबिलायझरशिवाय किंवा स्वतःच्या मनाने घेतली तर माणूस उदासीतून थेट वर उडू शकतो. मी एकदा अशीच तीन तासांच्या झोपेवर पहाटे चारला माळा आवरायला घेतला होता आणि घरच्यांना वाटलं, चला, बरी झाली. कमी झोपूनही थकवा नसणं, बोलणं थांबत नसणं, ऑनलाइन खरेदीचा सपाटा ही सुधारणा नव्हे. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

औषध फेल ठरवण्याआधी न तपासलेल्या गोष्टी

पूर्ण डोस आणि पुरेसे आठवडे होऊनही फरक नसेल तर "चालत नाही" म्हणायचा हक्क तुम्हाला आहे. पण त्याआधी थायरॉइड बघा. लिथियमने थायरॉइड मंदावू शकतं, आणि मग येणारा थकवा, जडपणा, वाढतं वजन हे सगळं उदासीचंच भावंड वाटतं. साधी टीएसएच तपासणी पुरते. इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी लॅमोट्रिजीनची रक्तातली पातळी जवळपास निम्म्यावर आणू शकते. हे मला कुणी आपणहून सांगितलं नाही, बायकांनी विचारूनच घ्यावं. दारू, जागरणं, विसरलेल्या गोळ्या यांचा हिशोबही प्रामाणिकपणे द्यायचा. डॉक्टर ओरडले तर ओरडू देत.

जगणं नको वाटत असताना गोळीची वाट बघणे

हे थांबण्यासारखं नाही. शिवाय काही वेळा मन सावरायच्या आधी अंगात थोडी ताकद येते. तो काळ जास्त जपायचा असतो. घरात गोळ्यांचा साठा रुग्णाच्या हाती ठेवू नका. आमच्याकडे आठवड्याची डबी ह्यांनी भरायची आणि बाकी स्ट्रिपा सासूबाईंच्या कुलपात, असं ठरलं होतं. मला त्याचा अपमान वाटला नाही. खरं तर सुटल्यासारखं वाटलं. मरणाचे विचार येत असतील तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना गाठा, एकटं राहू नका, जवळच्या हॉस्पिटलात जा. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

रोज उठून "आज बरं वाटतंय का?" तपासणे

रोज पेरलेलं उकरून बघितल्यासारखं होतं ते. आठवड्यातून एकदा झोपेचे तास, आंघोळ झाली का, फोन उचलला का, एवढंच लिहा. आणि घरच्यांनाही लिहू द्या, कारण फरक आधी त्यांना दिसतो.

त्या कॅलेंडरच्या जूनच्या पानावर शेवटच्या आठवड्यात एक ओळ माझ्या अक्षरातली नाही. दीड लिटर दुधाच्या खाली ह्यांनी लिहिलंय, "आज म्हणाली, आमटीत मीठ कमी आहे." त्याआधी चार महिने मी ताटात येईल ते चव न घेता गिळत होते. माझ्या नोंदीत त्या दिवशी फक्त "२००" आहे.