सांगतेची मैफल: भैरवीपासून उलटं मोजा

संगीत महोत्सवाची शेवटची रात्र बिघडते ती बहुतेकदा घड्याळामुळे. उघड्या मैदानावर ध्वनिवर्धक रात्री 10 ला बंद. 12 पर्यंतची सवलत वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस, तीही सरकारने जाहीर केली तरच. तेव्हा आखणी शेवटाकडून करा. भैरवी, म्हणजे मैफल संपवणारा राग, 9.40 ला सुरू व्हायची, तर मुख्य गायक 8.20 ला बैठकीवर हवा. संथ लयीचा बडा ख्याल, जलद छोटा ख्याल आणि मध्ये एखादी ठुमरी एवढ्यात नीट बसते. पहिला कलाकार साडेपाचला बसवला की उतरत्या दुपारचा राग मुलतानी मिळतो, सूर्यास्ताला पूरिया धनाश्री. दरबारी हा खरा उशिरा रात्रीचा राग, पण त्याची फर्माईश नऊला येणारच. ती गायकावर सोडा.

सत्कार मुख्य गायकाच्या ऐन आधी कधीही नको. तानपुरे लावून तयार असतात आणि भाषणं संपेपर्यंत उतरतात. पहिल्या कलाकारानंतर 15 मिनिटांत शाल, श्रीफळ आणि आभारही उरकून घ्या.

खरी मेहनत तानपुऱ्यांची. काळी चारच्या (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवर सा धरणाऱ्या) गायिकेनंतर खालच्या काळी एकचा गायक असेल, तर त्याच जोडीच्या तारा ओढाताण करून उतरवू नका, त्या ठरत नाहीत. दुसरी जोडी ग्रीनरूममध्ये लावून ठेवा. तबलाही वेगळा लागतो, हे आयोजक हमखास विसरतात. तानपुरे रंगमंचावर आणल्यावर दिव्यांखाली अर्धा तास राहू द्या आणि मग पुन्हा लावा, कारण उष्णतेने तारा सैलावतात. तार बोलत नसेल तर खुंटीला हात लावण्याआधी जवारीचा दोरा (घोडीवर तारेखाली असतो तो) केसभर सरकवून बघा. डिसेंबरात मैदानावर दव पडतं, पुडी, म्हणजे तबल्याचं कातडं, ओलावते आणि तबला उतरतो. वाजवायला घेईपर्यंत गवसणीतच ठेवा.

माईक: गळ्याला एक, तबला आणि डग्ग्याला एकेक, पेटीला एक, प्रत्येक तानपुऱ्याला एक. गायकाच्या मॉनिटरमध्ये (त्याला स्वतःला ऐकू येणारा स्पीकर) तानपुरा भरपूर, तबला बेताचा. उदबत्ती बैठकीपासून लांब ठेवा, धूर थेट गळ्यात जातो.

भैरवीनंतर निवेदक नको. पुण्यातल्या सवाई गंधर्व महोत्सवाची सांगता सवाई गंधर्वांच्याच आवाजातल्या जुन्या ध्वनिमुद्रिकेने होते. तशी काही योजना असेल तर ती मिनिटं रात्री 10 च्या आतच धरा. नसेल तर ध्वनिव्यवस्थेवाल्याला आधीच बजावून ठेवा: तानपुऱ्यांचे माईक सर्वांत शेवटी, हळूहळू खाली.