चालू सिस्टिममध्ये कोड बदलताना

नोकरीच्या सुरुवातीलाच एर्लांग या प्रोग्रॅमिंग भाषेवर काम मिळालं आणि मला भुरळ पडली ती हॉट कोड लोडिंगची, म्हणजे प्रोग्रॅम न थांबवता त्याचा कोड बदलण्याची. १९८०च्या दशकात एरिक्सनमध्ये ही भाषा टेलिफोन एक्स्चेंजसाठी घडली. चालू कॉल तोडून सॉफ्टवेअर बदलणं तिथे परवडणारं नव्हतं.

मॉड्यूल (कोडचा एक सुटा भाग) कंपाइल करा, लोड करा, झालं, असं मी धरून चाललो होतो. एकदा चालू सर्व्हरवर तसंच केलं. प्रत्येक कनेक्शनची एक प्रोसेस (स्वतंत्रपणे चालणारं छोटं काम), तिची स्टेट, म्हणजे ती लक्षात ठेवते तो डेटा, हा दोन घटकांचा टपल (ठरावीक घटकांचा गट): सॉकेट (कनेक्शनचं आपल्याकडचं टोक) आणि काउंटर. नव्या कोडमध्ये मी तिसरा घटक वाढवला होता, शेवटच्या मेसेजची वेळ. लोड निमूट झालं. पुढचा मेसेज आला, नव्या फंक्शनच्या हाती जुना टपल पडला, फंक्शनचा एकही क्लॉज (विशिष्ट आकाराच्या डेटासाठी लिहिलेला पर्याय) जुळेना. प्रोसेस पडली. मग दुसरी, तिसरी. पडलेल्या प्रोसेस पुन्हा सुरू करणारा सुपरवायझर असतो, पण पुन्हा सुरू करण्याची मर्यादा ओलांडल्यावर तोही पडला आणि सगळी कनेक्शनं तुटली.

कोड बदलणं सोपं असतं, अवघड असते ती मेमरीत जिवंत असलेली स्टेट. तिच्यासाठी 'कोड चेंज' हा कॉलबॅक (आपण लिहायचं आणि सिस्टिमने बोलवायचं फंक्शन) असतो: प्रोसेस थांबवायची, जुन्या स्टेटची नवी करून घ्यायची, मग पुढे जाऊ द्यायचं. नुसतं मॉड्यूल लोड केलं तर तो कॉलबॅक आपोआप चालत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आता मी स्टेटमध्ये पहिल्या दिवसापासून आवृत्तीचा आकडा ठेवतो.

दुसरी गोष्ट, एर्लांगमध्ये एका मॉड्यूलच्या दोनच आवृत्त्या एकत्र नांदतात. मॉड्यूलचं नाव घेऊन केलेला कॉल नव्या आवृत्तीत जातो, नुसत्या फंक्शनच्या नावाने केलेला जुन्यातच फिरत राहतो. तिसरी आणायची तर सर्वांत जुनी पुसावी लागते, आणि तिच्यात अडकलेल्या प्रोसेस तेव्हा मारल्या जातात.

एर्लांग वापरत नसाल तरी यातून सुटका नाही. एन्जिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये नवी बायनरी (कंपाइल केलेला प्रोग्रॅम) चढवताना जुने आणि नवे वर्कर (विनंत्या हाताळणाऱ्या प्रोसेस) काही काळ शेजारी शेजारी चालतात. डेटाबेसमध्ये कॉलमचं नाव थेट बदललं, तर अजून चालू असलेला जुना कोड तिथेच अडखळतो. म्हणून आधी नवा कॉलम वाढवा, दोन्हीकडे लिहा, जुना डेटा हलवा, वाचन नव्याकडे वळवा, आणि जुना कॉलम सर्वांत शेवटी काढा.

सरावासाठी एक साधा काउंटर लिहा. तो चालू ठेवून स्टेटचा आकार दोनदा बदला, आणि मग मागच्या आवृत्तीवर परत या. परत येताना जास्त वेळ लागेल, तो द्या.