पेनसिल्व्हेनियातील क्वेकर घराण्याची वंशावळ कशी शोधावी

अठराव्या शतकातील पेनसिल्व्हेनियातल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथातील घराण्याचा शोध घेताना ते कुटुंब कोणत्या मासिक सभेचे (दरमहा कामकाजासाठी भरणाऱ्या पंथाच्या स्थानिक मंडळाचे) सदस्य होते हे आधी निश्चित करावे, कारण जन्म, मृत्यू व विवाहाच्या नोंदी त्या सभेच्याच दप्तरात असतात. फिलाडेल्फिया परिसरातील बरीच दप्तरे स्वार्थमोर आणि हॅव्हरफर्ड या महाविद्यालयांत जतन केलेली आहेत.

तारखा वाचताना विशेष दक्षता घ्यावी. १७५२ पूर्वी इंग्रजी वसाहतींत वर्ष २५ मार्चला सुरू होई आणि क्वेकर महिन्यांना मार्च हा पहिला धरून केवळ क्रमांक देत, त्यामुळे ‘१७४० चा बारावा महिना’ म्हणजे आजच्या गणनेने फेब्रुवारी १७४१ होय. मूळ नोंद जशीच्या तशी उतरवून रूपांतर शेजारी लिहावे.

माझ्या मते सर्वांत मोलाचा कागद विवाहपत्र हा होय. त्यावर वधूवरांच्या आईवडिलांची नावे बहुधा असतात आणि उपस्थितांच्या सह्यांमधून आप्तांचा गोतावळाच हाती लागतो. कुटुंब दुसरीकडे गेल्यास स्थलांतराचा दाखला, म्हणजे जुन्या सभेने नव्या सभेसाठी दिलेले पत्र, पाहावा. एखादे नाव अचानक नाहीसे झाले, तर पंथाबाहेर विवाह केल्यामुळे सदस्यत्व काढून घेतले गेले होते का, हे सभेच्या इतिवृत्तांत तपासावे; स्त्रियांच्या सभेची इतिवृत्ते स्वतंत्र असत, तीही अवश्य वाचावीत.