बँकॉक ते टोकियो: तिकिटावरच्या वेळेला फसू नका

बँकॉक ते टोकियो हवाई अंतर सरळ मोजलं तर साधारण ४,६०० किमी भरतं, आणि डायरेक्ट फ्लाइटला जाताना अंदाजे सहा तास लागतात. पण येताना तेच अंतर असून साडेसहा-सात तास, हिवाळ्यात तर हमखास, कारण जपानच्या डोक्यावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम नावाचा जोरदार वारा वाहतो, जाताना तो मागून ढकलतो आणि येताना समोरून अडवतो.

आता खरा घोळ घड्याळाचा. तिकिटावर दोन्ही वेळा त्या त्या शहराच्या लोकल असतात आणि टोकियो बँकॉकच्या २ तास पुढे. समजा रात्री ११:५० ला निघून सकाळी ७:५० ला उतरायचंय, तर बघताना आठ तास वाटतात, दोन वजा करा, प्रवास सहाच तासांचा, म्हणजे जेवण वगैरे धरून झोप जेमतेम चार तास, त्या दिवशी सकाळची मीटिंग ठेवूच नका! परतीला उलटं, सकाळी १० ला निघून दुपारी ३ ला पोचलात तर पाच नाही, सात तास बसून काढलेत.

आणि हो, एअरपोर्ट कोणता ते बघूनच बुक करा. हानेदा शहराला चिकटूनच आहे, नारिता मात्र मध्य टोकियोपासून साठेक किमी लांब, ट्रेनने साधारण तासभर जातो, त्यामुळे स्वस्त तिकीट दिसलं की हा तास आणि ट्रेनचं भाडं पण हिशोबात धरा.