वर्ड बदललं म्हणून गडबडू नका, या चुका टाळा

राजेहो, कॉम्प्युटर नवीन आला किंवा वर्ड अपडेट झालं की आपल्याकडचे टायपिंगवाले पह्यले काय करतात, तं जुनं २००३ चं वर्ड कोणाच्या पेनड्राइव्हमध्ये भेटते का ते पाहत फिरतात. असं करू नका. २००७ पासून मेनू जाऊन वर पट्टी आली, तिला रिबन म्हणतात, अन् जुनं जवळपास सगळं तिच्यातच कुठं ना कुठं हाय. पट्टीच गायब झाली असंन तं कंट्रोल अन् एफ१ दाबा, येते परत. हात जुन्या सवयीचा असंन तरी चालते, ऑल्ट दाबून सोडलं, मग ओ अन् मग पी दाबलं की पॅराग्राफच्या सेटिंगचा तोच डबा आजही उघडते.

खरा त्रास दिसण्याचा नाही, आतल्या सेटिंग बदलतात त्याचा हाय.

सगळ्यात जास्त घोळ कृतीदेववाल्यांचा होते. हा फॉन्ट दिसते मराठी, पण वर्डले वाटते इंग्रजीच चाललं हाय, म्हणून वाक्याचं पह्यलं अक्षर ते आपोआप कॅपिटल करते. कृतीदेवात साध्या व्ही ले अ येते अन् शिफ्टच्या व्ही ले ट, म्हणजे तुम्ही "अर्ज" टाइप केलं अन् स्पेस दिली की कागदावर "टर्ज". लोक फॉन्ट काढून परत टाकतात, कोणी तं विंडोजच मारून घेते नवीन, अन् पैसे जातात फुकट. फॉन्टले काही झालेलं नसते भाऊ. फाईल, ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स इथं जा अन् पह्यलं अक्षर कॅपिटल करायची टिक काढा, त्याच डब्यात खाली एकट्या आय ले कॅपिटल करणारी ओळ असंन तं तीही काढून टाका.

दुसरी चूक एंटर मारमारून अर्ज बसवायची. २००३ मध्ये ओळी सिंगल स्पेसिंगच्या होत्या, २००७ ले त्या १.१५ झाल्या अन् पॅराच्या खाली १० पॉइंट जागा आली, २०१३ ले १.०८ अन् ८ पॉइंट. म्हणून एका पानाचा पीक नुकसानीचा अर्ज दोन पानांवर जाते, दुसऱ्या पानावर नुसतं "आपला विश्वासू", अन् शेतकऱ्याले उगाच दोन प्रिंटचे पैसे. अक्षर बारीक करू नका, म्हाताऱ्या माणसाले वाचता येत नाही. पॅराग्राफच्या डब्यात आफ्टर शून्य, लाईन सिंगल करा अन् खाली सेट ॲज डिफॉल्ट दाबून ऑल डॉक्युमेंट्सवालं निवडा, मंग दर वेळी करावं लागत नाही.

सेव्ह करतानाही पाहत जा. नवीन वर्डमध्ये लॉगिन असलं की फाईल वनड्राइव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या नेटवरच्या साठ्यात जायले पाहते, अन् आपल्या इथं लाईन गेली की नेटही जाते, मंग गिऱ्हाईक समोर उभं अन् फाईल सापडत नाही. एफ१२ दाबा, जुना सेव्ह ॲजचा डबा येते, त्यातून डी ड्राइव्हवर ठेवा. लॅपटॉपवर सोबत एफएन दाबावं लागू शकते.

अन् दुसऱ्या ऑफिसात नुसतं प्रिंट काढायले पाठवत असाल तं वर्ड फाईल देऊच नका, त्यांच्याकडे फॉन्ट नसला की सगळं इंग्रजी अक्षरांचं कचरकूट दिसते. त्याच एफ१२ च्या डब्यात खाली टाइप पीडीएफ करा अन् तीच पाठवा.