लिफ्ट केलेल्या पिकअपचा टायर वळताना घासतोय? माझा अनुभव

मी टेक्सासात असतो. पिकअप पुढून २ इंच लिफ्ट केलेला, म्हणजे उंच केलेला. रिव्हर्स घेताना स्टीअरिंग पूर्ण वळवलं की पुढचा टायर आतल्या प्लास्टिकला मागच्या बाजूने खर्रकन घासायचा. टायर २८५/७० आर १७ (रुंदी मिमीत / बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, मग व्हीलचा व्यास इंचांत), व्हील १७×९ (व्यास × रुंदी, इंचांत), ऑफसेट उणे १२ (ऑफसेट म्हणजे व्हीलच्या मधल्या रेषेपासून ते गाडीला टेकतं त्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर, मिमीत; जितका कमी, तितकं व्हील बाहेर). मूळ टायर २६५/७० आर १७, व्हील ७.५ इंच रुंद, ऑफसेट अधिक ३०.

आधी प्लास्टिक कापलं, मग लिफ्ट अर्धा इंच वाढवली. दोन शनिवार पाण्यात.

खरी गोची ऑफसेटची. टायरची त्रिज्या फक्त १४ मिमी वाढली होती, पण व्हीलची बाहेरची कड मूळपेक्षा तब्बल ६१ मिमी बाहेर आली होती. त्यामुळे वळताना टायर मोठा कंस घेतो. लिफ्टने तो कंस लहान होत नाही.

टायर तेच ठेवले, व्हील १७×८, ऑफसेट अधिक २५ घेतली. आता मूळपेक्षा बाहेरची कड ११ मिमी बाहेर, आतली जेमतेम १ मिमी आत. आधी पुढची दोनच बसवली, नट समोरासमोरच्या क्रमाने टॉर्क रेंचने आवळले. एक चाक रॅम्पवर चढवलं, स्टीअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवलं. आवाज नाही. मग मागची बसवली, अलाइनमेंट केलं, ५० मैलांनी नट पुन्हा तपासले.

स्पीडोमीटर आता साडेतीन टक्के कमी दाखवतो, तेवढं कॅलिब्रेट करून घ्या.